क्योतोचा गिओन मात्सुरी: सकाळी मिरवलेला रथ दुपारीच का सोडतात?

दर जुलैत क्योतोचे ते व्हिडिओ फिरायला लागतात. भर उन्हात दोन-अडीच मजली लाकडी रथ, त्याच्या डोक्यावर आभाळात घुसलेला लांबच लांब खांब, छपरावर बसलेली माणसं आणि खाली दोरखंड ओढणारे चाळीस-पन्नास जण. बघायला भारीच वाटतं, पण नीट बघितलं की प्रश्न पडायला लागतात. एवढ्या थाटाची मिरवणूक, मग त्यात देव कुठाय? चाकं वळतच नाहीत तर कोपऱ्यावर काय करतात? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे, सकाळी मिरवलेला रथ परत गल्लीत पोचला की त्याच दुपारी सोडायला का घेतात, निदान दोन दिवस तरी ठेवायचा ना लोकांना बघायला?

माझं मत असं आहे की या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कळलं की अख्खा उत्सव कळतो. तर तिथपर्यंत हळूहळू जाऊ.

आधी अगदी बेसिक

मात्सुरी म्हणजे जपानी उत्सव, जत्रा. जपानभर उन्हाळ्यात शेकडो मात्सुरी होतात, त्यातला क्योतो शहराचा हा गिओन मात्सुरी. तो यासाका नावाच्या देवळाचा. हे देऊळ शिजो या मोठ्या रस्त्याच्या पूर्व टोकाला आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तीला गिओन म्हणतात, तीच गेइशांसाठी फेमस असलेली. पण उत्सवाचे रथ त्या वस्तीतले नाहीत हां, ते नदीच्या पलीकडच्या जुन्या व्यापारी पेठेतले.

दुसरी गोष्ट, हा एका दिवसाचा कार्यक्रम नाही. १ जुलैला सुरू होतो आणि ३१ जुलैला संपतो. आपण बघतो ती रथयात्रा या महिन्यातल्या फक्त दोन सकाळी असते, १७ जुलैला २३ रथांची आणि २४ जुलैला ११ रथांची. बाकीचे दिवस चिठ्ठ्या काढणं, रथ बांधणं, पालख्या धुणं, वादनाचा सराव, पूजा असं काही ना काही चालूच असतं.

सुरुवात झाली ती साथीतून

नवव्या शतकात क्योतो ही जपानची राजधानी होती आणि दाटीवाटीने माणसं राहायची. जुलै म्हणजे पावसाळा संपून दमट उकाडा सुरू व्हायचा काळ, कामो नदीला पूर यायचा, पाणी घाण व्हायचं आणि दर थोड्या वर्षांनी साथ पसरायची. साथ का येते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लोकांची समजूत अशी होती की ज्यांच्यावर अन्याय झाला आणि जे तडफडून मेले त्यांचे आत्मे सूड म्हणून रोगराई पसरवतात. यात राजवाड्यातल्या राजकारणाचाही भाग होता. उदाहरणार्थ राजपुत्र सावारा, याच्यावर कटाचा आरोप ठेवून ७८५ साली त्याला हद्दपार केलं आणि अन्नपाणी सोडून तो वाटेतच मेला. ८६३ साली शिन्सेनएन नावाच्या राजवाड्याच्या बागेत अशा आत्म्यांना शांत करायला सरकारने मोठा विधी केला, त्यात सावारा पण होता. म्हणजे ज्याला राज्यकर्त्यांनी मारलं त्याचीच जाहीर माफी मागितल्यासारखं झालं ते.

पण संकटं काही थांबली नाहीत. ८६४ साली फुजी पर्वताचा उद्रेक झाला, ८६९ साली ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि प्रचंड त्सुनामी आली, आणि त्याच वर्षी साथही होती. परंपरा सांगते की तेव्हा देशाच्या ६६ प्रांतांसाठी ६६ लांब भाले उभे केले, यासाकाच्या देवाची पालखी काढली, आणि सगळं त्या शिन्सेनएन बागेत नेऊन साथ जावी म्हणून प्रार्थना केली. गिओन मात्सुरीची सुरुवात इथून धरतात. म्हणजे हा उत्सव सुगीचा नाही, कुणाच्या जन्माचा नाही, विजयाचा पण नाही. शहर आजारी पडलं होतं आणि त्याला बरं करायचं होतं, एवढंच त्याचं मूळ.

भाल्याचा रथ झाला, आणि उत्तर इथेच आहे

भाल्याला जपानीत होको म्हणतात. पुढच्या शतकांमध्ये तो भाला गाडीवर चढला, गाडीला छप्पर आलं, वादक बसायला लागले, आणि आज ज्याला होको म्हणतात तो भलामोठा रथ तयार झाला. दुसरा प्रकार यामा, म्हणजे डोंगर, हे लहान असतात, वर बहुतेक वेळा पाइनचं झाड आणि एखाद्या कथेतला प्रसंग दाखवणाऱ्या मूर्ती. दोन्ही मिळून सध्या ३४ आहेत, इथून पुढे मी सरळ रथच म्हणतो.

आता रथाच्या टोकावरचा तो खांब आणि त्याचं चकाकतं टोक नुसती शोभा नाही. समजूत अशी की अशी टोकदार, उंच, सजवलेली वस्तू आणि सोबत ढोल, बासरी, काशाची टणटण हे सगळं रोगराईच्या भुतांना ओढून घेतं. आवाज आवडतो, सजावट आवडते म्हणून गल्लीबोळात लपलेली पीडा बाहेर येते आणि रथाला चिकटते. रथ शहरभर फिरतो तो यासाठीच, रस्त्या-रस्त्यावरची पीडा गोळा करत.

मग ती गोळा झालेली पीडा घेऊन रथ परत गल्लीत आला की तो तसाच उभा ठेवणार का? नाही ना. म्हणून लगेच सोडायचा, भाग वेगळे करायचे, वखारीत ठेवून द्यायचे. एवढा सुंदर रथ असा तासाभरात उघडावाघडा करायला घेतात हे बघून बाहेरच्या माणसाला हळहळ वाटते, पण तिथल्या लोकांसाठी ते न करणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. तुम्ही याला श्रद्धा म्हणा, प्रतीक म्हणा, पण आतलं लॉजिक एकदम पक्कं आहे.

पण मग देव कुठाय?

देव संध्याकाळी येतो. १७ तारखेची सकाळची रथयात्रा म्हणजे रस्ता साफ करणं, आणि त्याच संध्याकाळी यासाका देवळातून तीन मिकोशी म्हणजे खांद्यावरच्या पालख्या निघतात. एकीत सुसानोओ हा देव, दुसरीत त्याची बायको कुशिनादाहिमे, तिसरीत त्यांची आठ मुलं. शेकडो माणसं ‘होइत्तो, होइत्तो’ ओरडत या जड पालख्या नाचवत नेतात, शिजो रस्त्यावरच्या एका छोट्या मुक्कामाच्या देवळात ठेवतात, तिथे देव आठवडाभर शहरात राहतो, आणि २४ तारखेला रात्री परत जातो. म्हणूनच रथयात्राही दोनदा, देव यायच्या आधी एकदा आणि जायच्या आधी एकदा.

टीव्हीवर आणि टुरिस्ट लोकांच्या फोटोंत सकाळच्या रथांचीच हवा असते, पालख्या मागे पडतात. मला हे जरा खटकतं, कारण धार्मिक अर्थाने मुख्य गोष्ट तीच आहे.

बौद्ध की शिंतो? आणि यात आपला श्रावस्तीचा संबंध कसा?

श्रावस्तीचं जेतवन आठवतंय? अनाथपिंडिकाने बुद्धासाठी घेतलेली बाग, जिथे बुद्धाने कितीतरी वर्षावास केले. जपानी बौद्ध परंपरेत जेतवनाच्या विहाराला गिओन शोजा म्हणतात, आणि त्या विहाराचा रक्षक म्हणून गोझु तेन्नो नावाचा बैलाच्या डोक्याचा देव मानला गेला. हा साथीचा देव, कोपला तर रोग देणारा आणि प्रसन्न झाला तर रोगापासून वाचवणारा. क्योतोच्या देवळात तोच होता, म्हणून देवळाचं नाव गिओन. पुढे तो आणि शिंतो, म्हणजे जपानची स्वतःची जुनी धर्मपरंपरा, तिच्यातला सुसानोओ एकच असं मानलं जायला लागलं, आणि हजारभर वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

१८६८ मध्ये मेइजी सम्राटाच्या नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करायचा हुकूम काढला तेव्हा गोझु तेन्नोचं नाव हटवलं आणि देवळाचं नाव यासाका झालं. पण उत्सवाचं नाव गिओनच राहिलं. त्यामुळे बौद्ध की शिंतो या प्रश्नाला दोन्ही हेच खरं उत्तर, हे भांडण सरकारने नंतर लावून दिलेलं आहे.

रथ देवळाचे नाहीत, गल्ल्यांचे आहेत

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रथ यासाका देवळाच्या मालकीचे नाहीत, सरकारच्या पण नाहीत. प्रत्येक रथ एकेका ‘चो’चा, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या घरांची मिळून जी एक गल्ली होते तिचा. आपल्याकडे जसं एकेका आळीचं गणपती मंडळ, त्याची वर्गणी, त्याचे कार्यकर्ते, शेजारच्या मंडळापेक्षा आपलं भारी करायची चुरस, तसंच साधारण समजा, फक्त इथे मूर्ती दरवर्षी नवी नसून तोच रथ शेकडो वर्षं सांभाळायचा असतो.

ही पेठ कापडाच्या, विशेषतः किमोनोच्या व्यापाऱ्यांची होती, पैसा होता आणि मिजास पण होती. १४६७ ते १४७७ च्या ओनिन नावाच्या यादवी युद्धात क्योतो जळून खाक झालं, उत्सव बंद पडला, तो या व्यापाऱ्यांनीच १५०० साली परत सुरू केला. आणि १५३३ मध्ये राज्यकर्त्यांनी देवळाचे विधी थांबवायला सांगितले तेव्हा गल्लीवाल्यांनी उलट कळवलं की विधी नसले तरी चालतील, पण आमचे रथ आम्हाला काढू द्या. धर्माचा उत्सव शहराचा झाला तो क्षण हाच असावा असं मला वाटतं.

पुढे कोण जाणार यावर पूर्वी भांडणं व्हायची म्हणून चिठ्ठ्या काढायची पद्धत पडली. आजही २ जुलैला क्योतोच्या महापालिकेत महापौरांसमोर चिठ्ठ्या काढतात आणि यात्रेच्या दिवशी वाटेत त्या चिठ्ठीची रीतसर तपासणी होते. पण काही रथांना चिठ्ठी नाही, नागिनाता होको हा तर १७ तारखेला कायम पहिला. त्यावर चिगो म्हणजे देवाचं प्रतिनिधित्व करणारा छोटा मुलगा बसतो, बाकी होकोंवर बाहुल्या असतात, खरा मुलगा या एकाच रथावर. त्या सकाळी त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत, एक माणूस त्याला खांद्यावर घेऊन रथावर चढतो, आणि मग शिजो रस्त्यावर आडवी बांधलेली पवित्र दोरी तो तलवारीने तोडतो तेव्हा रथयात्रा पुढे सरकते.

खिळा न मारता बारा टन

मोठ्या होकोचं वजन माणसांसकट साधारण १२ टन, टोकापर्यंत उंची २५ मीटरच्या आसपास आणि चाकं माणसाच्या उंचीएवढी. आणि हा सगळा सांगाडा एकही खिळा न मारता नुसत्या गवती दोरांनी बांधतात. मोठे रथ १० जुलैपासून रस्त्यातच उभे करायला घेतात. सुतार आणि बांधणीवाले लाकडांच्या सांध्यांवर दोर असे गुंडाळत जातात की बांधणीचीच नक्षी तयार होते, आणि पुढच्या दोन दिवसांत ती भारी कापडांनी झाकली पण जाते! दोरच का, तर रथ हलतो, दणके खातो, वळताना पिळवटतो, अशा वेळी खिळ्याने लाकूड फाटेल पण दोर थोडा ताणला जातो आणि धक्का पचवतो.

वळणावरची गंमत तर बघण्यासारखीच. चाकांना दिशा बदलता येत नाही, त्यामुळे कोपऱ्यावर हिरवे बांबू चिरून पुढच्या चाकांखाली अंथरतात, वर पाणी मारतात, आणि ओढणारे बाजूला उभे राहून अख्खा रथ ओल्या बांबूंवरून घसरवतात. पुढच्या बाजूला उभी असलेली माणसं पंखे हलवून ‘एन्-याऽराऽयाऽ’ अशी हाक देतात, सगळे एकदम जोर लावतात, रथ करकरत थोडा फिरतो. एका झटक्यात नाही होत, दोन-तीन वेळा करावं लागतं तेव्हा कुठे काटकोन पूर्ण होतो. छपरावरची माणसं शोभेला नसतात, शिनमाची नावाच्या अरुंद रस्त्यावरून परत येताना ती घरांच्या वळचणी आणि विजेच्या तारा सांभाळतात. आणि मोठ्या रस्त्यांवरचे सिग्नल बाजूला वळवता येतील असेच बसवलेले आहेत, रथासाठी शहराने खांब बदलले म्हणा ना.

बायबलमधलं चित्र जपानी रथावर कसं?

रथांच्या चारी बाजूंना जी कापडं लटकतात ती बघून इतिहासवाले वेडे होतात. कान्को होकोच्या समोर सोळाव्या शतकात आजच्या बेल्जियमच्या भागात विणलेला पडदा होता, त्यावर बायबलमधली रिबेका पाणी देतानाचा प्रसंग. कोइ यामावर ट्रॉयचा राजा प्रायम आणि राणी हेक्युबा, म्हणजे थेट होमरच्या इलियडमधून! लक्षात घ्या, हे पडदे रथांवर आले त्या काळात जपानमध्ये ख्रिश्चन धर्मावर बंदी होती, माणसं मारली जात होती त्यासाठी. पण चित्र कशाचं आहे हे बहुधा कुणालाच कळलं नव्हतं, लांबून आलेलं, महाग, देखणं कापड एवढंच बघून ते घेतलं.

जपानचे दरवाजे बंद असताना डच व्यापारी नागासाकीतून व्यापार करत होते आणि त्यांच्या जहाजांतून पर्शियाचे, भारताचे गालिचे, भारतीय छापील सुती कापड इथवर यायचं. आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे या रथांच्या संग्रहातले काही गालिचे दख्खनमध्ये विणलेले आहेत असं अभ्यासकांनी ओळखलंय. दख्खनी गालिचे भारतात फारच थोडे टिकले, आणि तिकडे एका गल्लीच्या वखारीत वर्षातून काही दिवस बाहेर काढून, परत घडी घालून, पिढ्यानपिढ्या ते जपले गेले. हे वाचल्यापासून मला त्या गल्लीवाल्यांबद्दल फार आपुलकी वाटते. आता जुनी कापडं म्युझियममध्ये किंवा वखारीत सांभाळून ठेवतात आणि रथावर बऱ्याचदा हुबेहूब नवीन विणलेली लावतात.

चिमाकी आणि काकडी

उत्सवात रथांच्या गल्ल्यांत बांबूच्या पानांची एक जुडी विकतात, चिमाकी. खायची नाही ती, दाराच्या वर वर्षभर लटकवायची. त्यावर लिहिलेलं असतं की हे सोमिन शोराईच्या वंशजांचं घर आहे. गोष्ट अशी की प्रवासात असलेल्या याच देवाने एका श्रीमंत भावाकडे रात्रीपुरता आसरा मागितला, त्याने हाकलला, पण गरीब भाऊ सोमिनने घरात होतं नव्हतं ते वाढलं. देवाने सांगितलं की साथ आली की तुझी माणसं वाचतील. काकडीचं पण आहे, कापलेल्या काकडीची चकती देवळाच्या चिन्हासारखी दिसते म्हणून उत्सवातली मंडळी जुलैभर काकडी खात नाहीत.

साथीसाठी सुरू झालेला उत्सव साथीतच बंद ठेवला, मग अर्थ काय?

हा प्रश्न २०२० मध्ये खूप जणांनी विचारला आणि तो बरोबरच आहे. २०२० आणि २०२१ ला रथयात्रा झाली नाही. पण ही पहिली वेळ नव्हती, मेइजी काळात कॉलऱ्यामुळे उत्सव पुढे ढकलावा लागला होता. आणि बंद म्हणजे पूर्ण बंद नव्हता. पालख्यांऐवजी पवित्र झाडाची फांदी पांढऱ्या घोड्यावर ठेवून देवाला शहरात आणलं, गल्ल्यांचे प्रतिनिधी चालत जाऊन नमस्कार करून आले. २०२१ ला तर मिरवायचे नसताना काही रथ नुसते बांधले, कारण बांधणी हातात असते, पुस्तकात नसते, आणि दोन वर्षं दोर हातात घेतला नाही तर शिकणारा पोरगा विसरणार. गर्दी जमवून लोकांना आजारी पाडणं हे या उत्सवाच्या मुळाशीच विरुद्ध गेलं असतं, त्यामुळे थांबले ते योग्यच केलं.

आणि २०२२ ला यात्रा परत निघाली तेव्हा ताका यामा हा रथ तब्बल १९६ वर्षांनी सामील झाला. १८२६ मध्ये वादळी पावसात त्याची नासधूस झाली होती. पुढे १८६४ च्या मोठ्या आगीत उरलंसुरलंही बरंचसं जळलं, पण गल्लीने मूर्ती जपून ठेवल्या आणि दर जुलैत त्या मांडत राहिले. त्याच आगीत गेलेला नौकेच्या आकाराचा ओफुने होको २०१४ ला परतला, दीडशे वर्षांनी. त्याच वर्षी २४ तारखेची वेगळी यात्राही परत सुरू झाली, १९६६ पासून ट्रॅफिकच्या कारणाने दोन्ही एकत्र केल्या होत्या.

सगळं गोड आहे असं नाही

बायकांना रथावर चढायला परंपरेने बंदी. काही गल्ल्यांनी ती सैल केलीय, काही रथांवर मुली वाजवायला बसतात, पण नागिनाता होकोवर आजही बाईला चढता येत नाही. मला हे पटत नाही. जो उत्सव बैलाच्या डोक्याचा देव, बायबलचं चित्र आणि दख्खनचा गालिचा सगळं पोटात घेऊ शकतो त्याला हे जमायला हरकत नव्हती.

दुसरं, माणसं. पेठेत ऑफिसं आणि अपार्टमेंट आली, जुनी घरं गेली, काही गल्ल्यांत राहणारं माणूसच फारसं उरलं नाही. ओढायला विद्यार्थी आणि स्वयंसेवक लागतात, पैशासाठी क्राउडफंडिंग पण केलं. काही गल्ल्यांनी नवीन अपार्टमेंटमधल्या लोकांना सामील करून घेतलं, हाच मार्ग टिकेल असं वाटतं. तिसरं म्हणजे पर्यटन. २००९ मध्ये रथयात्रा युनेस्कोच्या यादीत गेली, गर्दी वाढली, आणि २०२३ ला तर ४ लाख येनच्या प्रीमियम सीटा काढल्या. पुढच्या वर्षी यासाकाच्या मुख्य पुजाऱ्यांनीच उघड नाराजी सांगितली, तिथे दारू देण्यावरून, हा काही शो नाही म्हणून. पैसे लागतात हे खरंय, पण मी पुजाऱ्यांच्या बाजूने आहे.

बघायला जायचं असेल तर

१७ च्या आधीच्या तीन संध्याकाळी रथांवर कंदील लागतात, काही जुन्या घरांत खानदानी चित्रांचे पडदे मांडून ठेवतात, खाण्याचे स्टॉल असतात आणि गर्दीत श्वास घेणं अवघड होतं. शांत बघायचं तर २१ ते २३ च्या संध्याकाळी, तेव्हा स्टॉल नसतात, रथ कमी पण जवळून दिसतात. उकाडा भयंकर असतो, पाणी आणि टोपी सोडू नका. आणि दोरबांधणी बघायची असेल तर १० किंवा ११ तारखेलाच पोचा, कापडं चढली की ती दिसत नाही. १२ आणि १३ तारखेला नवीन बांधलेले मोठे रथ थोडं अंतर ओढून बघतात, त्या वेळी दोरखंडाला हात लावायला बायका, पोरं, बाहेरगावची माणसं कुणीही चालतं, फक्त वेळेच्या जरा आधी त्या गल्लीत जाऊन उभं राहायचं.